मनकर्णाबाईचं ग्रहण आणि अंजूची अंडी

अनसिंगच्या भगवंतरावांची अंजू पुण्याला डॉक्टर होते आहे, ही बातमी खुद्द भगवंतरावांनीच गावभर केली होती. आठवडी बाजारात वांग्यांच्या ढिगामागे बसलेले असताना गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ते हळूच सांगत, "पोरगी मेंदूची डॉक्टर होऊन राह्यली माही, पुण्याले." यात खोटं काहीच नव्हतं. पोरगी होती, पुणं होतं, मेंदूही होता. तो कोंबडीच्या पिल्लाचा होता आणि ते पिल्लूही अजून अंड्यातच होतं, एवढा किरकोळ तपशील तेवढा त्यांनी गाळला होता.

त्यामुळे अंजू सुट्टीत घरी आली की ओसरीवर डोकी येऊन बसत. अर्धशिशीचं डोकं, चक्करचं डोकं, बोर्डाच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा आपटलेलं डोकं. अंजू हात जोडून सांगे, "काका, मी औषध देनारी डॉक्टर नाई. मी पेशी पायते."

"मंग आमच्याबी पाय नं."

"पाह्यल्या असत्या. पन त्यासाठी डोक्याचे पातळ काप करा लागतात."

काका समजूतदार असत. चहा पिऊन निघून जात.

हे असं तिखट बोलणं अंजूला जन्मजात नव्हतं. ते तिला आत्याने शिकवलं. आत्या म्हणजे मनकर्णाबाई, भगवंतरावांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला तेव्हा माहेरी परतली आणि तेव्हापासून या घराची कुलमुखत्यार झाली. शुभ काय, अशुभ काय, कोणी कुठल्या दिशेला पाय करून झोपायचं, हे सगळं तिच्या अखत्यारीत. तिला कधी "माहीत नाही" म्हणताना कोणी ऐकलं नव्हतं. अंजूची आई पंचफुला या बाबतीत काही बोलायची नाही. नणंदेसमोर बोलायचं नसतं, हे तिनं लग्नाच्या हळदीतच शिकून घेतलं होतं.

अंजू वाशीमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती तेव्हाची गोष्ट. मोठा भाऊ दिनेश याची बायको राधिका पहिलटकरीण होती. घरात भाजीपाल्याचा धंदा, त्यामुळे डोहाळेबिहाळे सगळे मेथीच्या जुड्या बांधता बांधताच झाले. पोट बरंच वाढल्यावर सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी दिनेशला आत बोलावून सांगितलं की बाळाच्या डोक्याला वरचं छप्परच नाही. मेंदू मिटायचा तो मिटलेला नाही. असं मूल जगत नाही. हे सांगायला त्यांनी जितका वेळ घेतला, त्याहून जास्त वेळ दिनेशला चप्पल शोधायला लागला.

मूल मेलेलंच जन्मलं. मुलगा होता. राधिकाला कोणी तो दाखवला नाही. "पाहू नोको, दुधाले त्रास होते," असं मनकर्णाबाईंनी सांगितलं आणि दिनेशने कपड्यात गुंडाळून तो शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला पुरला. सोबत अंजू गेली होती. कपडा वाऱ्याने थोडा सरकला, तेव्हा तिने पाहिलं.

दवाखान्याने कारण सांगितलं नव्हतं. ही उणीव मनकर्णाबाईंनी संध्याकाळच्या आत भरून काढली.

"गऱ्हनात वांगं चिरलं हिनं. म्या सोता पाह्यलं."

"आत्या, थे गऱ्हन आपल्या देशात दिसलंच नाई," अंजू म्हणाली. "टीवीवर सांगत होते. तिकडे समुद्रात कोठीतरी होतं."

"दिसलं नाई म्हनून का लागत नाई? वारा दिसते का?"

या बिनतोड शास्त्रापुढे घर गप्प झालं. वांगी पिकवणाऱ्या, वांगी निवडणाऱ्या, वांग्यांवर जगणाऱ्या घरात सुनेनं वांगं चिरलं हा गुन्हा ठरला. भगवंतराव अंजूला म्हणाले, "मोठ्या मानसाच्या तोंडी लागू नये," आणि विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला. राधिका त्या दिवसापासून विळीला हात लावेनाशी झाली. भाजी पंचफुला चिरायची, राधिका नुसती फोडणी द्यायची. शेजारपाजारी कोणाला दिवस गेले की ती आपण होऊनच त्या घरी जाणं टाळायची.

अंजू मात्र त्या मिटायच्या राहिलेल्या मेंदूपाशी अडकली. बी.एस्सी. झाली, अमरावतीला एम.एस्सी. झाली, आणि मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तिला पीएच.डी.ला घेतलं. मुलाखतीत विचारलं, याच विषयात काहून? म्हणजे विचारलं इंग्रजीत, पण अंजूच्या कानांना ते तसंच ऐकू आलं. तिने रस आहे, कुतूहल आहे, वगैरे चारचौघांसारखं सांगितलं. धुऱ्याचं सांगितलं नाही.

तिथलं काम असं. अंडं उबवायला ठेवलं की आत पिल्लाच्या पाठीवर एक पट्टी तयार होते. पट्टीच्या कडा वर उचलल्या जातात, वळतात, एकमेकींना भेटतात आणि नळी मिटते. पुढं याच नळीचा मेंदू होतो आणि पाठीचा मज्जारज्जू होतो. नळीची भिंत लांबुळक्या पेशींची. या पेशी आतल्या कडेला एकमेकींना घट्ट धरून असतात, जत्रेत बायका एकमेकींचे पदर धरून चालतात तशा. पेशीच्या अंगातून बाहेर डोकावणारं एक प्रथिन असतं, ते शेजारणीच्या तशाच प्रथिनाला धरतं. आणि गंमत अशी, की पेशीला दोन व्हायचं असलं की ती आधी या कडेला येते, गोल होते आणि तिथंच दुभंगते. काप सरळ गेला तर दोन्ही लेकींच्या वाट्याला ती पकड येते आणि दोघी तिथंच राहून पुन्हा विभागत राहतात. काप तिरका गेला तर एकीला पकड मिळत नाही. ती कड सोडते, बाहेर सरकते आणि चेतापेशी बनते. चेतापेशी झाली की विभागणं कायमचं बंद.

तर अंजूनं काय करायचं, तर अंड्याला छोटी खिडकी पाडायची, नळीच्या फक्त एका बाजूच्या पेशींची पकड ढिली करायची आणि दुसरी बाजू तशीच ठेवायची. मग दोन्ही बाजूंना किती पेशी विभागतात ते पाहायचं. ज्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी मनकर्णाबाई चूळ भरत, त्या घरची लेक रोज ट्रेभर अंडी फोडू लागली. घरी कळलं तेव्हा भगवंतरावांनी पुन्हा थोडा तपशील गाळला.

पहिल्या प्रयोगांत पकड ढिली झालेल्या पेशी भांबावल्या. नळीच्या पोकळीत गुठळ्या करून बसल्या, लवकर विभागणं सोडून वेळेआधीच चेतापेशी झाल्या. मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. त्यांचं म्हणणंच होतं की पकड गेली की विभाजन थांबतं. वर्षभर आधी एका परिषदेत त्यांनी हे जाहीरही करून टाकलं होतं. मग अंजूनं जरा वेगळी कळ दाबली. बाहेरची पकड तशीच ठेवली आणि पेशीच्या आत ती जिथं बांधलेली असते, तो दुवा तोडला. तर या पेशी थांबायच्या सोडून जास्तच विभागू लागल्या. भिंत फुगली.

"काहीतरी चुकलं असेल तुझं," मॅडम म्हणाल्या.

अंजूने पुन्हा केलं. पुन्हा तेच. पेशींना परिषदेतल्या भाषणाचं निमंत्रण गेलं नसावं.

"आधीचं पक्कं लिही. हे दुसरं राहू दे सध्या," मॅडमनी सांगितलं. त्यांच्या स्वरात अंजूला अनसिंगचा वारा लागला. दिसत नाही, पण लागतो. दोन मनकर्णाबाई एकाच जन्मात म्हणजे जरा जास्तच होत होतं, म्हणून ती रजा टाकून घरी आली.

घरी वेगळंच चाललं होतं. दिनेश-राधिकाला दुसरं मूल हवं, की घराला हवं, की मनकर्णाबाईंना हवं, हे नीटसं ठरत नव्हतं. पण चर्चा रोज होत होती. मनकर्णाबाईंनी मंगरूळकडच्या कोण्या महाराजांकडून मंतरलेला दोरा आणायचं योजलं होतं. अंजूनं ऐकलं आणि राधिकाला भाजीच्या मळ्यात गाठलं. राधिका सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटून जुड्या बांधत होती.

"वहिनी, दोरा बांध नाईतर नोको बांधू. पन आधी दवाखान्यात जा. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जायच्या आधीपासून घ्या लागते. पयल्या बाळाचं सांगजो, तर डॉक्टर जास्त ताकदीची देतील. दिवस गेले हे कळेपर्यंत थे नळी मिटून गेली असते, नाईतर राहून गेली असते. मंग गोळी घेऊन फायदा नाई."

राधिका जुडी बांधत राहिली. मग म्हणाली, "मंग थे वांग्यानं नोतं झालं?"

"नाई, वहिनी. वांग्याचा काई संबंध नाई."

"मंग कायनं झालं?"

अंजूकडे याचं उत्तर असायला हवं होतं. एवढी अंडी, एवढी वर्षं, एवढी शिष्यवृत्ती. तिने पकड सांगितली, पेशी सांगितल्या, काही घरांत रक्तातूनच येतं, काही वेळा जेवणातलं कमी पडतं, हे सांगितलं. राधिका ऐकत होती, पण तिचा प्रश्न तिथंच उभा होता.

"आपल्या बाळाले कायनं झालं?"

"थे मले माहीत नाई," अंजू म्हणाली. "कोनालेच माहीत नाई."

राधिकाने आणखी एक मूठ उपटली. मग सांबाराच्या मुळांची माती झटकत म्हणाली, "आत्याबाईनं निदान काईतरी तं सांगतलं होतं."

अंजूला हे फार लागलं. मनकर्णाबाईंशी ती कधीही भांडू शकली असती, पण हे भांडणाच्या पलीकडचं होतं. खोटं का होईना, राधिकाला त्या घरात एक कारण मिळालं होतं आणि त्या कारणाच्या आधाराने ती इतकी वर्षं स्वतःला शिक्षा देत जगली होती. अंजू ते काढून घ्यायला निघाली होती आणि बदल्यात द्यायला तिच्याकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राधिकाच तिच्याकडे आली. "तुमी तिकडे जे पायता, थे मले दाखवता का?"

आता अनसिंगात सूक्ष्मदर्शक कुठून आणणार? पण शेजारच्या मळ्यातल्या फुलसिंगकडे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. अंजूने त्याच्याकडे बसवून फार दिवस न झालेलं एक अंडं मागितलं.

"मेंदूची डॉक्टरीन आंडं मांगून राह्यली!" फुलसिंग खूश झाला. "ने, ने. फक्त माह्या बायकोले सांगजो नोको. थिचे आंडे मोजेल आहेत."

गोठ्यात, कडब्याच्या पेंढीवर टॉवेल पसरून अंजूने अंडं आडवं ठेवलं. सुईनं भोक पाडून थोडं पांढरं काढून घेतलं, वर चिकटपट्टी लावली आणि बारीक कात्रीने गोल खिडकी कापली. राधिका श्वास धरून वाकली.

आत पिवळ्यावर लाल बारीक शिरांचं जाळं पसरलं होतं. मधोमध नखाएवढं पारदर्शक काहीतरी वळून पडलेलं आणि त्यात एक लाल ठिपका उडत होता. उड, थांब, उड.

"हे काळीज?"

"हाव. आन हे वाकेल आहे नं, हे डोस्कं." अंजूने भिंग तिच्या हातात दिलं. "हा डोया. ह्या पाठीवरून खाली जे रेघ चालली, थे नळी. मिटली आहे हिची."

राधिका भिंगातून पाहत राहिली. मग डोळे न उचलता तिने विचारलं, "तुमी पाह्यलं होतं नं त्याले? धुऱ्यावर?"

अंजूने कात्री टॉवेलवर ठेवली. "हाव."

"कसा होता?"

"नाक दादासारखं होतं. फताडं. बोटं पुरी होती, नखंबी होती. ओठ तुह्यासारखे." ती थांबली. "डोस्क्यावर कपडा होता. म्या तेवढं नाई पाह्यलं."

हे शेवटचं खरं नव्हतं. पण आयुष्यभर खरं बोलायचा धंदा पत्करलेल्या अंजूनं तेवढं खोटं बोलून टाकलं. राधिका रडली. आवाज न करता, भिंग हातात धरून. कोणीतरी पहिल्यांदाच तिच्याशी त्या मुलाबद्दल बोललं होतं, ग्रहणाबद्दल नाही.

आणि नेमक्या त्याच वेळी मनकर्णाबाई गोवऱ्या न्यायला गोठ्यात आल्या.

पुढचा आवाज अनसिंगच्या एस.टी. स्टँडापर्यंत गेला असावा. घरात अंडं! तेही फोडलेलं! तेही जिवंत! तेही मूल हवं असलेल्या सुनेच्या हातात! "भगवंताऽऽ! तुह्या पोरीनं घर बाटवलं!" भगवंतराव धावत आले, मागून पंचफुला, दिनेश. अंजूनं उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं धार लावून. पण तिला बोलायची वेळच आली नाही. भिंग पदराला पुसत राधिका उठली.

"आत्याबाई, तुमी म्हनल्या होत्या वांगं चिरलं म्हनून झालं. या इकडे. हे पाहा. काळीज आहे, डोया आहे, सारं आहे. ह्याच्यातनी वांगं कोठी लागते थे मले दाखवा."

राधिका एवढं लांब वाक्य बोलू शकते, हे घराला नवीनच होतं. मनकर्णाबाईंनी खिडकीतून आत पाहिलं. त्या तशा पाहायला वाकल्या नसत्या, पण लाल ठिपका उडत होता आणि त्यांचेही डोळे शेवटी डोळेच होते. थोडा वेळ त्या पाहतच राहिल्या. मग भानावर येऊन म्हणाल्या, "हे कोंबडीचं आहे. मानसाचं अलग असते," आणि तडक जाऊन उपास धरला.

न्यायनिवाडा भगवंतरावांकडे आला. त्यांनी एकदा बहिणीच्या बंद दाराकडे पाहिलं, एकदा सुनेच्या तोंडाकडे. घसा साफ केला. "गोठा काई घरात येत नाई," त्यांनी निकाल दिला. "घर बाटलं नाई." इतकी वर्षं त्या घरात एवढा धाडसी निकाल लागला नव्हता. पंचफुला पदराआड हसली. अंड्याला पट्टी लावून ते फुलसिंगच्या कोंबडीखाली परत ठेवलं, पण ते काही उबलं नाही. अंजूनं तसं सांगूनच ठेवलं होतं.

राधिका दिनेशला घेऊन वाशीमला गेली, डॉक्टरांना पहिल्या बाळाचं सांगितलं आणि गोळी सुरू केली. मनकर्णाबाईंनी उपास सोडून दोरा आणला, तोही राधिकाने बांधून घेतला. अंजूने फोनवर कपाळाला हात लावला.

"राहू द्या, अंजूताई," राधिका म्हणाली. "आत्याबाईलेबी रात्री झोप यायले पायजे नं."

पुण्याला परतल्यावर अंजू मॅडमच्या खोलीत गेली आणि म्हणाली की ती दोन्ही निकाल लिहिणार. पकड कुठल्या टोकाला, कशी सुटते त्यावर पेशी थांबते की वाढते ते ठरतं, आणि असं का होतं हे अजून तिला माहीत नाही, हेही लिहिणार. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांना हे आवडलं नाही. महिनाभर त्या तिच्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. मग एक दिवस स्वतः येऊन तो फुगलेल्या भिंतीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहत बसल्या आणि "याचं चित्र मोठं छाप," एवढं म्हणून गेल्या. मॅडममध्ये आणि आत्यात एवढा फरक निघाला म्हणून अंजूला बरं वाटलं.

इकडे राधिकाला दिवस गेले. आता मात्र अंजूची सगळी हुशारी तिच्यावरच उलटली. एकदा असं झालेलं असलं की पुन्हा होण्याची शक्यता इतरांहून जास्त, गोळीने ती बरीच कमी होते पण पुसली जात नाही, हे सगळं तिला पाठ होतं आणि त्याचा उपयोग फक्त झोप घालवण्यासाठी होत होता. "माहीत नाही" हे कागदावर लिहायला फार बाणेदार वाटतं. सोनोग्राफीच्या दिवशी तिने उबवणीयंत्राचं दार उघडंच ठेवलं आणि आठवड्याची सगळी अंडी गार करून टाकली.

फोन आला तेव्हा दिनेशला धड बोलता येत नव्हतं. "छप्पर आहे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हने, छप्पर पुरं आहे."

मुलगी झाली. बारशाला अंजू गेली, तर ओसरीवर बायांची ही गर्दी. अंजूला वाटलं, आता डोकी दाखवायला बायाही यायला लागल्या. पण त्या तिच्याकडे आल्याच नव्हत्या. त्या मनकर्णाबाईंकडे दोऱ्याची चौकशी करायला आल्या होत्या. मनकर्णाबाई मधोमध बसून सांगत होत्या की दोरा कोण्या वारी आणायचा, कोण्या हाताला बांधायचा. गोळीचा उल्लेख त्यांनीही गाळला होता. भावाबहिणीत तेवढं साम्य होतंच.

"वहिनी, सांग नं त्याईले," अंजू चिडून म्हणाली.

"सांगतलं म्या," राधिका म्हणाली. "ज्या ज्या दोरा घेऊन जातात, त्याईले दारातच गाठून गोळीचं नाव सांगून राह्यली मी. दोघी तं कालच दवाखान्यात जाऊन आल्या."

मग तिने मुलगी अंजूच्या मांडीवर दिली. अंजूने टाळूवर हळूच तळवा ठेवला. कातडीखाली ती मऊ जागा धडधडत होती. अंजू दोऱ्यावर काहीतरी टोचून बोलायला गेली. तेवढ्यात मुलीनं तिची नवी साडी ओली केली, तशी पंचफुला फडकं घेऊन धावली.